संगणकीय पात्रांचे ओठ आणि खानदेशची बोली : साधननिवडीची एक चिकित्सा

१

पडद्यावरील ओठ आणि कानी पडणारा शब्द यांचा मेळ हा बोलपटाच्या जन्मापासूनचा प्रश्न होय. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पट काढला तो मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत. आणि त्यासाठी नटनट्यांना प्रसंग दोनदा, दोन भाषांत, कॅमेऱ्यापुढे उभे राहून बोलावे लागले. भाषा बदलली की ओठही बदलतात, हे त्या पिढीने गृहीतच धरले होते. पुढे डबिंगची पद्धत रुळली आणि एका भाषेच्या ओठांवर दुसऱ्या भाषेचा आवाज बसविण्याची तडजोड प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली. आता तिसरा टप्पा आला आहे. पात्रच मुळी संगणकात घडविलेले असते. त्याला स्वतःचे ओठ नसतात. आणि आवाज पुरविला की त्यानुसार ओठ, जबडा, गाल व भुवया हालविण्याचे काम सॉफ्टवेअर करते.

हा टप्पा आता केवळ करमणुकीपुरता राहिलेला नाही. मे २०२४ मध्ये दूरदर्शनच्या किसान वाहिनीने ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ अशी दोन संगणकनिर्मित निवेदक-पात्रे सादर केली. ती पन्नास भाषांत बोलू शकतात, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. शेतीची माहिती सांगणारे असे पात्र जळगावच्या केळीउत्पादकालाही उद्देशून बोलते आणि धुळ्याच्या कापूसउत्पादकालाही. येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो : पन्नास भाषा बोलणाऱ्या पात्रास किती भाषांचे ओठ असतात? भाषांची संख्या अभिमानाने सांगितली जाते. ओठांचा हिशेब कोणी मागत नाही.

लिप-सिंकचे साधन निवडताना शाळा, स्टुडिओ किंवा विद्यापीठीय विभाग सामान्यतः तीन गोष्टी पाहतात : किंमत, वेग आणि चित्राचा देखणेपणा. या तिन्ही कसोट्या रास्तच आहेत. परंतु त्या पहिल्या नव्हेत. प्रत्येक साधनाच्या पोटात मुखाकृतींची एक वर्णमाला दडलेली असते, आणि ती वर्णमाला कोणत्या भाषेच्या मुखावरून घेतली आहे यावर त्या साधनाची योग्यता प्रथम ठरते. मराठीच्या, आणि त्यातही अहिराणी व लेवा गणबोली यांच्या संदर्भात ही कसोटी लावली असता, महाग तेच श्रेष्ठ हा समज टिकत नाही.

२

उच्चाराचे दृश्य रूप हा विषय भारतीय परंपरेस नवा नाही. शिक्षाग्रंथांनी वर्णांचे वर्गीकरण स्थान आणि प्रयत्न यांनुसार केले : पवर्ग व उ हे ओष्ठ्य, व हा दंत्योष्ठ्य, ओ व औ हे कंठोष्ठ्य. बोलणाऱ्याच्या मुखाकडे डोळे लावून बसलेल्या अभ्यासकाखेरीज असे वर्गीकरण दुसऱ्या कोणास सुचणे कठीण. भरताच्या नाट्यशास्त्राने नेत्र, भ्रू, नासा, अधर, कपोल आणि चिबुक ही मुखाची सहा उपांगे मानून एकट्या अधराची सहा कर्मे सांगितली. आधुनिक काळात १९७८ साली एकमन व फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची जी संहिता सिद्ध केली आणि जिच्यावर आजची मुखचलनाची बहुतेक साधने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उभी आहेत, तिची दृष्टीही मूलतः हीच आहे : चेहऱ्याचे भाग पाडावयाचे, आणि प्रत्येक भागाच्या हालचालीला नाव द्यावयाचे.

ध्वनीचे जसे स्वनिम, तसे ओठांच्या दृश्याचे ‘व्हायझीम’. हा शब्द १९६८ साली फिशर याने योजिला. डोळ्याला जे स्वन एकसारखे दिसतात त्यांचा एक व्हायझीम. मराठीत त्यास ‘दृश्यवर्ण’ म्हणता येईल. प, ब आणि म हे कानाला तीन वर्ण आहेत, डोळ्याला मात्र एकच. दृश्यवर्णांची संख्या म्हणूनच वर्णांच्या संख्येपेक्षा नेहमी कमी भरते. परंतु कमी म्हणजे क्षुल्लक नव्हे. १९७६ साली मॅकगर्क व मॅकडोनल्ड यांनी दाखवून दिले की कानावर ‘बा’ पडत असता डोळ्यांपुढे ‘गा’ म्हणणारे ओठ ठेवले, तर अनेक ऐकणाऱ्यांना ‘दा’ ऐकू येते. चुकीचे ओठ हे केवळ कुरूप दिसत नाहीत. ते ऐकलेला शब्दच बदलू शकतात. ज्यांना कमी ऐकू येते आणि जे ओठ पाहून अर्थ लावतात, त्यांच्या बाबतीत तर ही चूक प्रत्यक्ष अपप्रचार ठरते.

आकृतीइतकेच काळालाही महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला, तर प्रेक्षकाच्या ते ध्यानात येऊ लागते. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे आवाज पुढे जाण्याची मोकळीक जेमतेम एका फ्रेमची.

काळाचे हे महत्त्व महाराष्ट्रास शब्दभ्रमकलेने फार पूर्वीच शिकविले आहे. य. के. पाध्ये यांनी १९१६ साली घडविलेला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोचविलेला अर्धवटराव हा बाहुला एका उघडझाप करणाऱ्या जबड्यावर बोलतो. त्याला दृश्यवर्ण असा एकच : मुख उघडे अथवा मिटलेले. तरीही तो बोलतो असे प्रेक्षकास वाटते, कारण अक्षराचा ठेका आणि जबड्याचा ठेका जुळलेला असतो. उलटपक्षी, बाहुल्यामागील कलावंतास सर्वांत अधिक छळतात ते प, फ, ब, भ, म हे वर्ण. कारण ओठ न मिटता ते उच्चारणे जवळजवळ अशक्य. या एका कलेत ओष्ठमेळाचे दोन्ही नियम सामावले आहेत : ठेका चुकता कामा नये, आणि ओष्ठ्य वर्णांची बंदी लपविता येत नाही.

३

आता मराठी मुखाची वैशिष्ट्ये पाहणे अगत्याचे आहे. कारण साधनांची परीक्षा त्यांच्यावरच घ्यावयाची आहे.

पहिले वैशिष्ट्य ‘र’चे. इंग्रजीतील र उच्चारताना ओठ पुढे येऊन किंचित गोल होतात. म्हणून इंग्रजीवर आधारलेल्या संचांत र ला बहुधा स्वतंत्र, गोलसर मुखाकृती दिलेली असते. मराठी र हा जिभेच्या टोकाच्या आघाताने होतो. ओठांचा त्यात काहीच भाग नसतो. ‘राम’ म्हणणाऱ्या मराठी पात्राने प्रारंभी ओठांचा चंबू केला, की ते पात्र परके वाटू लागते; प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही एवढेच. हीच गोष्ट श आणि च यांची. इंग्रजीतील त्यांच्या जवळचे स्वन ओठ पुढे काढून उच्चारले जातात. मराठी तालव्य वर्णांत ओठ जवळजवळ उदासीन असतात.

दुसरे वैशिष्ट्य च-वर्गाचे. ‘चार’ मधील च तालव्य, ‘चारा’ मधील च दंततालव्य. दुनिया या अर्थीचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’ यांतील भेदही तसाच. देवनागरी लिपी हा भेद लिहीत नाही. म्हणून लिखित मजकुरावरून ओठ हालविणारे साधन येथे हमखास आंधळे ठरते.

तिसरे वैशिष्ट्य अनुस्वाराचे. ‘आंबा’ मधील अनुस्वार म् होऊन ओठ मिटवितो. ‘अंत’ मधील न् ओठांना स्पर्शही करीत नाही. ‘संवाद’ मध्ये तो व-कारासारखा होऊन ओठ जवळ आणतो. चिन्ह एक, मुखाकृती तीन. जे साधन अनुस्वारास सरसकट न समजते, त्याच्या ‘आंब्या’त ओठ उशिरा मिटतात आणि लवकर सुटतात. ओष्ठ्य व्यंजनाची बंदी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे दोन-तीन फ्रेमची. ‘अप्पा’ सारख्या द्वित्तात ती स्पष्टपणे लांबते. एका फ्रेमची चूकही येथे नजरेत भरते.

चौथे, फ आणि व. मराठी ‘फळ’ मधील मूळ फ हा ओठ मिटवून सोडावयाचा महाप्राण वर्ण; इंग्रजी वळणाचा फ खालचा ओठ दातांखाली घेतो. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून इंग्रजी उच्चारकोशातून ओठ मिळविणाऱ्या पद्धतीत ‘फळ’ नेहमीच दातांनी उच्चारले जाते. व ची अडचण याहून सूक्ष्म आहे; तो इंग्रजीतील दंत्योष्ठ्य आणि गोल ओठांच्या अशा दोन व-कारांच्या मधला आहे, आणि इंग्रजी संचात त्या मधल्या जागेला घरच नाही.

पाचवे, अंत्य व मध्य अ-काराचा लोप. ‘करतात’ हा शब्द लिहिताना चार अक्षरांचा, उच्चारताना ‘कर्तात्’ असा दोनच. लिपीवर विसंबून राहणारे साधन येथे जबडा दोन वेळा अधिक उघडते.

प्रमाण मराठीपुरते इतके झाले. खानदेशात प्रवेश करताच प्रश्न आणखी खोल होतो. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीने १९०७ च्या खंडात खानदेशीस मराठीखाली न घालता भिल्ल भाषांबरोबर ठेवले. आणि २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून, अठरा लाखांवर भाषकांसह, नोंदली गेली. वर्गीकरणाचा वाद बाजूस ठेवला तरी ओठांची साक्ष स्पष्ट आहे. प्रमाण मराठीतील ळ खानदेशात पुष्कळ ठिकाणी य होतो : डोळा–डोया, काळा–काया, शाळा–शाया. ‘डोळा’ म्हणताना ओ-काराचे गोल ओठ सरळ आ-कारात उघडतात आणि मध्ये जिभेचे वळलेले टोक क्षणभर दिसते. ‘डोया’ म्हणताना मध्येच जबडा वर येतो, ओठ पसरतात आणि मगच मुख उघडते. ‘मला’ आणि अहिराणीतील ‘माले’ यांत तर जबड्याचा क्रमच उलटा होतो : पहिल्यात आधी थोडे, मग पुष्कळ, दुसऱ्यात आधी पुष्कळ, मग थोडे आणि पसरट. ‘आहे’ला दोन अक्षरे, ‘शे’ला एक. प्रमाण मराठीसाठी सिद्ध केलेल्या चेहऱ्यावर नंतर अहिराणी आवाज बसविता येईल ही कल्पना म्हणूनच निराधार ठरते. तो चेहरा एक भाषा बोलत असतो आणि आवाज दुसरी.

४

उपलब्ध साधनांचे तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग कोशाधारित साधनांचा. ‘पापागायो’ हे जुने, विनामूल्य साधन याचा नमुना होय. ॲनिमेशनचे शिक्षक प्रेस्टन ब्लेअर यांच्या पद्धतीनुसार त्यात दहा मुखाकृती आहेत, आणि इंग्रजी उच्चारकोशातून शब्दाचे वर्ण काढून त्या योजिल्या जातात. कोशात नसलेला शब्द वापरणाऱ्याने स्वतः वर्णांत फोडावयाचा. मराठी शब्द त्या कोशात नाहीत, हा दोष समजला जातो. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तो गुणही आहे. साधन येथे आपले अज्ञान कबूल करून थांबते, आणि ‘डोया’चे ओठ कोणते हे बोली जाणणाऱ्या माणसाला ठरवू देते. कष्ट पुष्कळ, परंतु चूक लपत नाही.

दुसरा वर्ग ध्वनीवरून थोड्या मुखाकृती निवडणाऱ्या साधनांचा. डॅनियल वुल्फ यांचे ‘रूबार्ब’ हे विनामूल्य साधन सहा मूलभूत आणि तीन ऐच्छिक आकृतींवर चालते. मिटलेले ओठ, दात जवळ असलेले किंचित उघडे मुख, उघडे, अधिक उघडे, किंचित गोल आणि चंबू या मूलभूत सहा. खालच्या ओठावर दात, उचललेली जीभ आणि विश्रांती या ऐच्छिक. त्यात दोन अभिज्ञापक आहेत : एक इंग्रजीसाठी, दुसरा भाषानिरपेक्ष. मराठी वा अहिराणी ध्वनिमुद्रणासाठी दुसराच निवडला पाहिजे. पहिला निवडल्यास साधन खानदेशी वाक्यात इंग्रजी शब्द शोधू लागते. आकृती थोड्या असल्याने सूक्ष्मता थोडी. परंतु र ला स्वतंत्र चंबू नसल्यामुळे या साधनाची मराठी, अनपेक्षितपणे, अधिक संपन्न संचांपेक्षा कमी परकी दिसते. ऑक्युलसच्या लिपसिंक संचात पंधरा दृश्यवर्ण आहेत. त्यांत इंग्रजीतील जीभ दातांत धरावयाच्या ‘थ’साठी एक आणि र साठी एक राखून ठेवलेला आहे. पहिल्याचा मराठीस उपयोग नाही, दुसऱ्याचा उपद्रव आहे. ळ साठी मात्र काहीच नाही. संख्या वाढली म्हणजे अनुरूपता वाढली असे नव्हे, हे यावरून दिसते.

तिसरा वर्ग शिकविलेल्या यंत्रांचा. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेले ‘वेव्ह-टू-लिप’ हे यातील अतिशय गाजलेले काम. कोणत्याही चेहऱ्याच्या चित्रफितीवर कोणताही आवाज ते बसविते, आणि लिपीची मध्यस्थी नसल्याने अनुस्वार किंवा अ-लोप त्याला फसवीत नाही. काळाचा मेळ हे त्याचे बलस्थान. परंतु ते शिकले ते बीबीसीच्या कार्यक्रमांतील बोलणाऱ्यांकडून. संस्था भारतीय, ओठ इंग्रजी, असा हा योग आहे. शिवाय त्याचा खुला नमुना अव्यापारी वापरापुरताच मोकळा आहे आणि चेहरा लहान आकारात हाताळीत असल्याने मुखाभोवतीचा भाग धूसर होतो. एनव्हिडियाचे ‘ऑडिओ-टू-फेस’ त्रिमित पात्रांसाठी हेच कार्य करते. २०२५ मध्ये ते त्याच्या प्रशिक्षणव्यवस्थेसह खुले करण्यात आले, ही घटना प्रादेशिक भाषांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण तत्त्वतः आता त्यास खानदेशी बोलणाऱ्याचा चेहरा शिकविता येईल. परंतु त्यासाठी लागणारे मुखाचे त्रिमित मुद्रण आणि शक्तिमान संगणक सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

या तिन्हींहून निराळा विचार टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये ‘जाली’ या पद्धतीत मांडला. जबडा आणि ओठ यांची मात्रा त्यांनी स्वतंत्र ठेवली. पुटपुटणारा आणि ओरडणारा यांचे वर्ण तेच असले तरी जबड्याची मात्रा भिन्न असते, हे तत्त्व त्यामागे आहे. २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळात अनेक भाषांतील पात्रांसाठी ती वापरली गेली. ‘मला’ आणि ‘माले’ यांचा भेद मुख्यतः जबड्याचा असल्याने, ही दृष्टी खानदेशीस सर्वांत जवळची म्हणावी लागेल. मात्र हे व्यापारी साधन आहे.

पात्राचा चेहरा स्वतः किती समर्थ आहे, हाही मुद्दा विसरता येत नाही. ॲपलच्या एआरकिट या व्यवस्थेतील ५२ मुखचालना आज जवळजवळ प्रमाण मानल्या जातात. त्यांत भुवया, पापण्या, गाल व ओठ यांची तपशीलवार सोय आहे. जिभेला मात्र एकच चालना, आणि तीही जीभ बाहेर काढण्याची. त, ट आणि ळ यांचा डोळ्याला दिसणारा भेद जिभेच्या टोकात असतो. मराठी पात्राला जीभ चिडविण्यासाठी मिळते, बोलण्यासाठी नाही.

५

यावर एक आक्षेप संभवतो. अर्धवटरावाला एकच जबडा असूनही तो जर बोलका वाटतो, तर इतक्या सूक्ष्मतेची आवश्यकता काय? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर संकेताच्या विचारात सापडते. बाहुला आपण बाहुला असल्याचे कबूल करतो; म्हणून डोळा त्याच्याकडून ठेक्यापलीकडे काही मागत नाही. चेहरा जसजसा खऱ्या माणसासारखा होत जातो तसतशी मागणी वाढते, आणि जवळजवळ खरा पण पुरता खरा नसलेला चेहरा विलक्षण अस्वस्थ करतो, हे मसाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच नोंदविले. यातून व्यवहाराचा एक नियम निघतो : ओठ जितके साधता येतील तितकाच चेहरा खरा करावा. अहिराणीच्या गोष्टी सांगणारे साधे, रेखाटलेले पात्र सहा आकृतींवर प्रामाणिकपणे बोलू शकते. खऱ्या माणसाच्या तोंडवळ्याचे पात्र इंग्रजी ओठांनी अहिराणी बोलू लागले तर ते सोंग ठरते.

या प्रश्नाचे गांभीर्य एका संभाव्य उदाहरणाने स्पष्ट होईल. जळगावच्या विद्यापीठास २०१८ मध्ये ज्यांचे नाव देण्यात आले त्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची कविता मुखातून जन्मली. इतरांनी ती उतरून घेतली. आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९५२ मध्ये ती ग्रंथरूप झाली. उद्या एखाद्या शैक्षणिक उपक्रमात त्यांचे संगणकीय पात्र घडविले गेले, तर त्या पात्राचे ओठ कोणते असावेत? जिची कविता लिपीतून नव्हे, तर मुखातून आली, तिच्या मुखावर प्रमाण भाषेचे किंवा इंग्रजीचे ओठ बसविणे ही केवळ तांत्रिक उणीव म्हणता येणार नाही. मुद्रणात बोलीचे एखादे रूप सुधारून प्रमाण केले गेले, तर अभ्यासक त्याला पाठभ्रष्टता म्हणतो. ओठांच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे.

यावरून साधननिवडीचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम, लिखित मजकुरावर चालणारे साधन बोलीसाठी नाकारावे आणि प्रत्यक्ष बोली बोलणाऱ्याच्या मुद्रित आवाजावर चालणारे घ्यावे. दुसरे, ज्याची मुखाकृतींची सारणी उघडी आहे आणि दुरुस्त करता येते तेच घ्यावे. र चा चंबू काढता आला पाहिजे. तिसरे, ओष्ठ्य वर्णांची बंदी फ्रेमगणिक तपासता व सुधारता आली पाहिजे. चौथे, जबडा व ओठ स्वतंत्रपणे हालावेत आणि चेहऱ्यास दिसणारी जीभ असावी. किंमत आणि वेग यांचा विचार या चार अटींनंतर. परीक्षेसाठी मोठा खटाटोप लागत नाही. राम, चार, चारा, फळ, आंबा, संवाद, अप्पा, डोळा, डोया, मला आणि माले हे अकरा शब्द खानदेशातील एखाद्या भाषकाकडून म्हणवून घ्यावेत, त्याचे मुख साध्या फोनच्या कॅमेऱ्याने मुद्रित करावे, आणि साधनाने काढलेले ओठ त्याच्याशेजारी ठेवून फ्रेममागून फ्रेम पाहावे. जे साधन या अकरा शब्दांत अडखळते ते पन्नास भाषा जाणते, या जाहिरातीस काही अर्थ उरत नाही.

या कसोटीस आजचे कोणतेच स्वयंचलित साधन पुरते उतरणार नाही. म्हणून आजच्या स्थितीत खानदेशी पात्रासाठी भाषानिरपेक्ष अभिज्ञापक असलेले साधे, खुले साधन घेऊन, त्याने काढलेला आराखडा बोली जाणणाऱ्या माणसाने हाताने सुधारावा, हाच निवाडा योग्य ठरतो. यंत्राने ठेका सांभाळावा आणि माणसाने ओठ. दीर्घकालीन कार्य मात्र विद्यापीठीय विभागांचे आहे. अहिराणी, लेवा गणबोली आणि प्रमाण मराठी बोलणाऱ्यांच्या मुखांची, त्यांच्या संमतीने, समोरून व बाजूने केलेली मुद्रणे, आणि त्यांवर आधारलेली खानदेशी दृश्यवर्णांची सारणी यांची पूर्वतयारी नसेल, तर उद्याचे कितीही समर्थ यंत्र खानदेशास उसन्या ओठांनीच बोलावयास लावील. बोलीचे कोश झाले, व्याकरणे झाली. तिच्या ओठांची नोंद अद्याप व्हावयाची आहे.